अंगकोरचे दगड जुळवणारा वास्तुविशारद : आंरी मार्शाल

प्राचीन लेणी, स्तूप, विहार आणि मंदिरे पाहताना आपण कोरीव कामाचे कौतुक करतो, बांधणाऱ्या राजाचे नाव विचारतो आणि परत फिरतो. शेकडो वर्षे ऊन, पाऊस, झाडांची मुळे आणि चोर यांच्या तावडीत सापडलेली ती वास्तू आज उभी कशी, हा प्रश्न मात्र आपल्या मनात सहसा येत नाही. तिच्यामागे पुष्कळदा एखाद्या पुरातत्त्वीय वास्तुविशारदाचे आयुष्य खर्ची पडलेले असते. साधा वास्तुविशारद नवी इमारत उभी करतो. पुरातत्त्वीय वास्तुविशारद जुनी इमारत मोजतो, तिचे नकाशे काढतो, ती कशी बांधली आणि का ढासळली हे शोधतो, आणि मगच तिला हात लावतो. अशाच एका माणसाच्या कार्याची ओळख प्रस्तुत लेखात करून द्यावयाची आहे.

आंरी मार्शाल यांचा जन्म 1876 साली पॅरिस येथे झाला. तेथील प्रसिद्ध कलाशाळेत वास्तुकलेचे शिक्षण घेऊन ते 1905 साली सरकारी बांधकाम खात्याच्या नोकरीत कंबोडियाला आले. त्यावेळी तो देश फ्रेंचांच्या अमलाखाली होता. 1907 साली अंगकोरचा प्रदेश सयामकडून कंबोडियाला परत मिळाला आणि तेथील जंगलात दडलेल्या वास्तूंची देखभाल फ्रेंच संशोधन संस्थेकडे आली. पहिले संरक्षक जाँ कोमाय यांचा 1916 साली कामगारांच्या पगाराची रक्कम लुटणाऱ्या दरोडेखोरांनी खून केला. अशा जागी जाण्यास कोण तयार होणार? मार्शाल गेले. पुढे मध्ये काही वर्षांचे खंड पडले तरी त्यांचे मन तेथून निघाले नाही. 1970 साली सिएम रीप येथेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

सुरुवातीची वर्षे झाडी तोडणे, माती उपसणे आणि कलत्या भिंतींना टेकू देणे यातच गेली. परंतु टेकू म्हणजे इलाज नव्हे. अंगकोरच्या बहुतेक वास्तूंत दगडांमध्ये चुना नाही. वालुकाश्माचे घासून बसवलेले चिरे केवळ स्वतःच्या वजनावर उभे असतात. पाया खचला किंवा सांध्यात मूळ शिरले की एक चिरा सरकतो आणि त्याच्यामागून सारी भिंत कोसळते. बाहेरून सिमेंटचे खांब लावून हे थांबत नाही.

यावरचा उपाय शेजारच्या जावा बेटात सापडला. तेथील डच पुरातत्त्वज्ञांनी ढासळलेली मंदिरे त्यांच्याच दगडांतून पुन्हा उभी करण्याची पद्धत विकसित केली होती. तिला अ‍ॅनास्टायलोसिस म्हणतात. ती शिकण्यासाठी मार्शाल 1930 साली जावाला गेले. त्यावेळी त्यांचे वय चोपन्न वर्षांचे होते आणि अंगकोरचा अनुभव चौदा वर्षांचा. तरीही दुसऱ्यांकडून शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

पद्धत सांगायला सोपी आणि करायला अतिशय चिकाटीची आहे. प्रथम वास्तूचे मोजमाप, आलेख आणि छायाचित्रे तयार करतात. पडलेला प्रत्येक दगड गोळा करून त्याला क्रमांक देतात. कोरीव रेषा, खाचा आणि झीज पाहून कोणता दगड कोणाचा शेजारी हे ठरवतात आणि जमिनीवरच थरामागून थर मांडून पाहतात. उभा असलेला कमकुवत भाग उतरवून पाया पक्का करतात आणि मग प्रत्येक दगड त्याच्या मूळ जागी बसवतात. नवा दगड फक्त आधारासाठी, आणि तोही नवा म्हणून ओळखू येईल असा. जेथे पुरावा संपतो तेथे काम थांबते. आपल्या कल्पनेने शिखर पुरे करण्याचा मोह आवरणे हाच या शास्त्राचा खरा शीलाचार आहे.

ही पद्धत मार्शाल यांनी 1931 पासून बांते स्राय या लहानशा मंदिरावर वापरली. गुलाबी वालुकाश्माचे हे शिवमंदिर इ.स. 967 मध्ये प्रतिष्ठापित झाले. 1923 साली आंद्रे मालरो या तरुण फ्रेंच लेखकाने तेथील शिल्पे कापून नेली होती. तो पकडला गेला आणि शिल्पे परत मिळाली. 1936 पर्यंत हे मंदिर पुन्हा उभे राहिले. पुढे हीच पद्धत अंगकोरच्या इतर वास्तूंसाठी वापरण्यात आली.

आता बौद्ध वाचकांना जवळची वाटेल अशी हकीकत सांगतो. अंगकोरच्या बायोन या मंदिराच्या मनोऱ्यांवर चारी दिशांना पाहणारे प्रचंड शांत चेहरे आहेत. आरंभीच्या अभ्यासकांनी ते हिंदू मंदिर मानले आणि त्याचा काळ नववे शतक धरला. 1924 च्या सुमारास आंरी पार्मांतिए यांना नंतरच्या बांधकामाआड झाकलेले बोधिसत्त्व लोकेश्वराचे शिल्प सापडले. 1927 साली फिलिप स्टर्न यांनी शैलीच्या आधारे जुना काळ चुकीचा ठरवला. लगोलग जॉर्ज सेडेस यांनी शिलालेखांच्या मदतीने हे मंदिर बाराव्या शतकाच्या अखेरीचे, म्हणजे बौद्ध राजा सातवा जयवर्मन याच्या काळचे असल्याचे दाखवून दिले. याच राजाच्या ता प्रोम येथील 1186 च्या शिलालेखात राज्यातील 102 रुग्णालयांचा उल्लेख आहे. लोककल्याण हा धम्माचा भाग कसा मानला जात असे, याचा हा दगडावर कोरलेला पुरावा होय.

पुढे 1933 साली जॉर्ज त्रूवे यांनी बायोनच्या मध्य गाभाऱ्याखाली खोदले, तेव्हा खड्ड्यात नागफण्याखाली बसलेल्या बुद्धाची मोठी मूर्ती तुकडे तुकडे झालेल्या अवस्थेत मिळाली. जयवर्मनच्या पश्चात बौद्ध प्रतिमांविरुद्ध जी लाट उसळली, तिच्यात ती फोडून टाकली गेली असे अभ्यासक मानतात. तुकडे जुळवून ती मूर्ती पुन्हा घडवण्यात आली आणि आज अंगकोर थोममध्येच तिची वंदना होते. भावना किंवा आग्रह यांनी नव्हे, तर खणणे, मोजणे आणि ताडून पाहणे यांनी हे सत्य बाहेर आले. मार्शाल यांनी शिवमंदिराला जेवढी निष्ठा दिली तेवढीच बुद्धविहाराला दिली. पंथ पाहून दगडाची काळजी कमीजास्त करणारा या कामाला नालायक ठरतो.

नोंदींचे मोल किती, हे बाफुओन मंदिराने जगाला शिकवले. 1960 नंतर दुरुस्तीसाठी त्याचे सुमारे तीन लाख दगड उतरवून जंगलात मांडले होते. युद्धामुळे काम थांबले आणि ख्मेर रूजच्या काळात क्रमांकांची कागदपत्रे नष्ट झाली. दगड होते, पण त्यांचा पत्ता हरवला होता! 1995 मध्ये पास्कल रुआयेर यांच्या देखरेखीखाली काम पुन्हा सुरू झाले. जुनी छायाचित्रे, प्रत्येक दगडाचे नव्याने मोजमाप आणि जुन्या कामगारांच्या आठवणी यांच्या बळावर ते 2011 साली पूर्ण झाले. कागद जपले असते तर कितीतरी वर्षे वाचली असती.

भारताचाही या कार्यात वाटा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 1986 ते 1993 या काळात अंगकोर वाट येथे आणि त्यानंतर ता प्रोम येथे काम केले. 1992 साली अंगकोरचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या सह्याद्रीत शेकडो बौद्ध लेणी आहेत. अजिंठा, वेरूळ, कार्ले यांची कीर्ती जगभर आहे. परंतु कितीतरी लहान लेण्यांत पाणी झिरपते, शिलालेखांवर रंग फासला जातो, स्तूपांची ओळख पुसली जाते. घोषणांनी ती वाचणार नाहीत. वास्तुकलेची पदवी घेऊन पुढे वारसा संरक्षणाचा किंवा पुरातत्त्वाचा अभ्यास करता येतो. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तशी सोय आहे. ज्यांना तो मार्ग घेणे शक्य नाही त्यांनीही पौर्णिमेला लेण्यावर जाताना वही आणि छायाचित्रयंत्र न्यावे. काय आहे, कोठे आहे, कोणत्या स्थितीत आहे, हे तारखेसह लिहून ठेवावे. दगडाला मात्र हात लावू नये. भेग किंवा नासधूस दिसल्यास पुरातत्त्व खात्याला लेखी कळवावे. आपली मुले ज्या पुराव्यावर आपला इतिहास मांडतील, तो पुरावा आज आपल्या हाती आहे.