ठिणगी कुठे हरवते?

पेट्रोलवर चालणारे इंजिन मध्येच एखादा ठोका चुकते, गाडी आचका देते आणि पुन्हा सुरळीत चालू लागते. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये याला 'गाडी मिसिंग मारते' असे म्हणतात. हा दोष सतत टिकत नाही, म्हणून तो सापडणेही कठीण. मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो. पैसे खर्च होतात, दोष मात्र जागच्या जागीच राहतो. ऐन वेगात, दुसऱ्या वाहनाच्या पुढे जाताना इंजिनाने दगा दिला तर ते जिवावर बेतू शकते. शिवाय न जळलेले पेट्रोल धुराड्यावाटे बाहेर पडते ते वेगळेच.

हा दोष शोधायला शालेय भौतिकशास्त्रातली तीन-चार तत्त्वे पुरेशी आहेत. ती कशी वापरायची हे पाहण्यासाठी आपण अमेरिकेतल्या जुन्या 'मसल कार' गाड्यांचे उदाहरण घेऊ. मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरांचे मोठे, ताकदवान इंजिन बसवण्याची ही पद्धत १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून रूढ झाली असे मानतात. या गाड्यांच्या काळातच ठिणगी पाडण्याचे काम यांत्रिक खटक्याकडून इलेक्ट्रॉनिक मंडलाकडे गेले. क्रायस्लर कंपनीने १९७३ पासून अमेरिकेतल्या आपल्या सर्व गाड्यांत आणि जनरल मोटर्सने १९७५ पासून ही पद्धत सर्रास वापरली. या मंडलाचा प्रत्येक भाग सुटा, डोळ्यांना दिसणारा आणि साध्या मीटरने तपासता येणारा असतो. म्हणूनच अभ्यासासाठी तो उत्तम आहे.

ठिणगी तयार कशी होते?

बॅटरी देते १२ व्होल्ट, पण स्पार्क प्लगच्या दोन टोकांमधली जेमतेम एक मिलिमीटरची फट ओलांडायला लागतात हजारो व्होल्ट. हे काम इग्निशन कॉइल करते. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, थोड्या फेऱ्यांचे. दुसरे बारीक तारेचे, सुमारे शंभरपट फेऱ्यांचे. पहिल्यातून विद्युतधारा वाहते तेव्हा गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. ही धारा एकाएकी तोडली की क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात वीस-पंचवीस हजार व्होल्ट निर्माण होतात. हेच फॅरडेचे प्रवर्तन. डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता रोटर हा दाब पाळीपाळीने एकेका प्लगकडे पोचवतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. कॉइलमध्ये धारा एकदम वाढत नाही, वेळ घेऊन वाढते. समजा, पहिल्या वेटोळ्याचे प्रवर्तकत्व ८ मिलिहेन्री आणि मंडलाचा एकूण रोध ३ ओहम आहे. अखेरची धारा ४ अँपिअर असेल, पण तिच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायलाच सुमारे २.७ मिलिसेकंद लागतील. आता आठ सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर दर फेऱ्याला चार, म्हणजे सेकंदाला ४०० ठिणग्या लागतात. दोन ठिणग्यांमधला वेळ अवघा २.५ मिलिसेकंद. जुन्या यांत्रिक पॉइंटमध्ये त्यातला दोन तृतीयांश वेळच धारा चालू असते. तेवढ्यात ती जेमतेम ४६ टक्क्यांवर जाते. साठलेली ऊर्जा धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ठिणगीला पूर्ण ऊर्जेचा पाचवा हिस्साच मिळतो. संथ चालणारे इंजिन उत्तम आणि वेगात मात्र मिसिंग, याचे एक कारण या साध्या हिशेबात आहे. जनरल मोटर्सच्या पद्धतीत कॉइलचा रोध एक ओहमपेक्षाही कमी ठेवून धारा झटपट वाढू दिली आणि ती हाताबाहेर जाऊ नये म्हणून मॉड्यूलमध्येच मर्यादा घातली.

खटक्याऐवजी चुंबक

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत धारा तोडतो ट्रान्झिस्टर. केव्हा तोडायची हे त्याला सांगते पिकअप कॉइल. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्यावर आठ दातांचे लोखंडी चक्र असते आणि शेजारी चुंबकावर गुंडाळलेले बारीक वेटोळे. दात जवळ येताना वेटोळ्यातून जाणाऱ्या बलरेषा वाढतात, दूर जाताना कमी होतात. त्यामुळे विद्युतदाब एका दिशेला चढतो, दात नेमका समोर आला की झपाट्याने शून्यातून जातो आणि उलट होतो. या झपाट्याच्या क्षणी मॉड्यूल धारा तोडते. पिकअपच्या दोन तारा उलट जोडल्या, तर हा क्षण दोन दातांच्या मधल्या संथ भागात सरकतो आणि ठिणगीची वेळ डळमळीत होते.

मंडल बिघडते केव्हा?

मिसिंग नेमके कोणत्या परिस्थितीत होते, हा पहिला पुरावा. त्यावरून संशयित भागांची यादी एकदम आखूड होते.

१. किल्ली फिरवताना इंजिन सुरू होते, किल्ली सोडताच बंद पडते. क्रायस्लरच्या गाड्यांत कॉइलच्या आधी एक बॅलास्ट रोधक असतो. तो सुमारे अर्ध्या ओहमचा. स्टार्टर फिरत असताना तो टाळून बॅटरीचा दाब थेट कॉइलला मिळतो. म्हणून रोधकाची तार तुटली, तरी स्टार्टर चालू असेपर्यंत ठिणगी पडते. या लक्षणावर मॉड्यूल बदलणे व्यर्थ आहे. ओहममीटर रोधकालाच लावावा.

२. सुरू होतानाच त्रास, एकदा सुरू झाले की ठीक. प्रवर्तित दाब बलरेषा बदलण्याच्या वेगावर अवलंबून असतो. स्टार्टर इंजिनाला सावकाश फिरवतो, त्यामुळे पिकअपचा संकेत मुळातच क्षीण. त्यात दात आणि पिकअप यांमधली फट जास्त असेल, तर तो मॉड्यूलला कळतच नाही. क्रायस्लरच्या सुरुवातीच्या रचनेत ही फट ०.००८ इंच, म्हणजे सुमारे ०.२ मि.मी. ठेवतात. मोजायला पितळी पट्टी घ्यावी. पोलादी पट्टी चुंबकाला चिकटते आणि माप फसते. दांड्याचे बुश झिजले असेल, तर दांडा डुगडुगतो आणि फट दर दाताला वेगळी पडते.

३. चढावर किंवा एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर मिसिंग. वायूचा दाब जितका जास्त, तितका फटीतून ठिणगी उडवायला विद्युतदाब जास्त लागतो. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरात अधिक मिश्रण शिरते, दाब वाढतो आणि विजेला प्लगपेक्षा सोपी वाट सापडली तर ती तिकडे जाते. मग प्लगची वाढलेली फट, तडकलेली टोपी किंवा जीर्ण आवरणाच्या तारा तपासाव्यात. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत कार्बनच्या बारीक रेघा दिसतात का, तेही पाहावे. अंधारात बॉनेट उघडून पाहिले, तर गळती निळसर चमकेतून दिसते. शेव्हरले आणि क्रायस्लर या दोन्हींच्या अनेक आठ सिलिंडरी इंजिनांत ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा असतो. त्यात ५ आणि ७ हे शेजारी सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यांच्या तारा लांबवर समांतर गेल्या, तर एकीतल्या स्पंदामुळे दुसरीत दाब उत्पन्न होऊन अवेळी ठिणगी पडू शकते. तारा अलग ठेवणे किंवा एकमेकींना काटकोनात नेणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

४. ॲक्सिलरेटर कमी-जास्त करताना क्षणभर मिसिंग. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची यंत्रणा पिकअपची बैठक मागेपुढे हलवते. हजारो वेळा वाकून पिकअपच्या तारा आवरणाच्या आत तुटतात. वरून सारे शाबूत दिसते. मीटर जोडून ठेवून बैठक हाताने हळूहळू हलवावी. रोध एकाएकी अनंत झाला की दोष हाती लागला. जनरल मोटर्सच्या पिकअपचा रोध ५०० ते १,५०० ओहम असावा लागतो.

५. इंजिन तापल्यावर मिसिंग, निवल्यावर पुन्हा ठीक. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, वेटोळ्यातली बारीक भेग उघडते. अर्धवाहकातली गळती धाराही तापमानाबरोबर वाढते. जनरल मोटर्सचे मॉड्यूल डिस्ट्रिब्यूटरच्या धातूवर बसते. त्याखाली उष्णता वाहून नेणारे सिलिकोन ग्रीज नसेल, तर ते लवकर दगावते.

६. फक्त मोठ्या वेगात मिसिंग. वरचा हिशेब आठवा. जुन्या गाडीला नवी इलेक्ट्रॉनिक पद्धत बसवताना मूळची रोधक तार तशीच ठेवली आणि कॉइलला १२ ऐवजी ९ व्होल्टच मिळाले, तर उपलब्ध थोड्या वेळात धारा तीन चतुर्थांश आणि ऊर्जा जवळजवळ निम्मी होते. संथ वेगात वेळ भरपूर असल्याने हे जाणवत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीचे धन टोक आणि कॉइलचे पुरवठ्याचे टोक यांच्यामध्ये मीटर लावला की किती व्होल्ट वाटेत गळतात ते कळते. मॉड्यूलच्या धातूच्या खोक्याचे अर्थिंगही तपासावे. गंजलेला किंवा रंगाचा थर हा रोधकच असतो.

अर्थात प्रत्येक मिसिंग विजेचेच नसते. कार्बुरेटरमधील कचरा किंवा हवेची गळती यांमुळेही तसेच वाटते. आणि तपासताना सावधगिरी हवी: चालू इंजिनात प्लगची तार हाताने ओढू नये, उघडे पेट्रोल जवळ ठेवू नये.

वर्गात करून पाहण्यासारखे

एका लोखंडी बोल्टवर बारीक आवरणयुक्त तांब्याच्या तारेच्या काहीशे फेऱ्या गुंडाळा. बोल्टच्या एका टोकाला पट्टीचुंबक लावा आणि तारेची टोके गॅल्व्हानोमीटरला जोडा. दुसऱ्या टोकाजवळ लोखंडी पाना चटकन न्या आणि थांबा. काटा एका बाजूला झुकेल. पाना दूर न्या. काटा उलट झुकेल. हेच सावकाश करा. काटा जवळजवळ हलणारच नाही. विद्यार्थ्यांना विचारा: फट वाढवली तर? पितळी पाना घेतला तर? आधी उत्तर लिहून घ्यावे, मग प्रयोग करावा.

दोष शोधणे म्हणजे भाग बदलत राहणे नव्हे. 'हा भाग बिघडला असेल, तर अमुक घडायला हवे' असे आधी ठरवायचे आणि मग मीटर लावून पडताळायचे, ही त्याची रीत. प्रयोगशाळेत संशोधक जे करतो ते याहून फारसे वेगळे नसते. गाड्या बदलल्या, खटके गेले, तरी आजच्या अनेक इंजिनांत दांड्याची स्थिती सांगणारा संवेदक याच दात-आणि-चुंबकाच्या तत्त्वावर चालतो. फॅरडेचा नियम शिकवताना हे उदाहरण फळ्याशेजारी ठेवले, तर तो नियम परीक्षेनंतरही मुलांच्या ध्यानात राहील.