आधारगटाने आयुष्य वाढते का?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एखाद्या फाउंड्रीत नवा कामगार काम शिकतो ते बहुधा जुन्या कामगाराकडून. नियम फलकावर लिहिलेले असतात. पण भट्टीची झळ कशी सोसायची, हे तिच्यापुढे उभे राहिलेल्यालाच ठाऊक असते. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या आधारगटांमागेही हेच तत्त्व आहे.

अमेरिकेत १९५२ साली टेरेस लॅसर यांचे या रोगासाठी ऑपरेशन झाले. त्यानंतर त्या अशाच इतर स्त्रियांना भेटू लागल्या. हात पूर्वीसारखा वर उचलता यावा म्हणून कोणता व्यायाम करावा, कपडे कसे घालावेत, घरच्यांशी कसे बोलावे, हे त्या सांगत. मुंबईत कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये 'व्ही केअर' ही संस्था रुग्णांच्या आधारासाठी सुरू केली.

पण अशा गटामुळे आयुष्य वाढते का? १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगेल यांनी रोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन भाग केले होते. उपचार दोघींकडेही चालूच होते. एका भागातील स्त्रिया शिवाय वर्षभर दर आठवड्याला गटात भेटत. त्या सरासरी सुमारे ३७ महिने जगल्या, तर दुसऱ्या भागातील १९ महिने. जगभर आशा पसरली.

विज्ञान मात्र एका प्रयोगावर थांबत नाही. संख्या लहान असेल, तर मोजक्या व्यक्तींमुळेही सरासरी बदलते. कॅनडात २३५ स्त्रियांवर असाच प्रयोग झाला. २००१ मधील त्याच्या निष्कर्षानुसार आयुष्य वाढले नाही. पण मनाचा त्रास व वेदना कमी झाल्या. स्पीगेल यांनी स्वतः पुन्हा प्रयोग केला. २००७ मध्ये त्यांनाही एकंदरीत आयुष्य वाढल्याचे आढळले नाही, आणि तसे त्यांनी प्रसिद्धही केले.

यातून दोन गोष्टी कळतात. गट हा ऑपरेशन, औषधे वा किरणोपचार यांना पर्याय नाही. गाठ लागली तर आधी डॉक्टरांकडेच जायला हवे. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. 'हिंमत ठेवली की कॅन्सर हरतो' असे आपण सहज बोलून जातो. मग जिचा रोग वाढतो, ती हिंमतीत कमी पडली असे म्हणायचे का? पेशींची वाढ मनाच्या जोरावर थांबत नाही. गटात तिला रडण्याची मुभा असते, आणि समोरचीला ते समजते. वेदना हलकी होते. एवढा लाभ पुरेसा नाही का? वर्गात हा प्रश्न जरूर चर्चेला घ्यावा.