खडा : शब्द एक, घराणी दोन

सुरगाणा तालुक्यात खळ्यावर मळलेल्या भात-नागलीबरोबर खडेही सुपात येतात. पाखडून, निवडून ते काढता येतात. ‘खडा’ या शब्दाला चिकटलेले समज मात्र इतक्या सहजी निघत नाहीत.

गैरसमज : खडा म्हणजे दगडाचाच तुकडा.

वस्तुस्थिती : हा शब्द पदार्थापेक्षा आकार आणि टणकपणा सांगतो. त्यामुळे मिठाचा, तुरटीचा, हिंगाचाही खडाच असतो आणि अंगठीत बसवतात तोही. खाणीतला काळा कातळ फोडून रस्त्यासाठी जी तयार होते ती खडी. नार-पार नद्यांच्या पात्रात घासून गोल झालेल्या दगडाला मात्र गोटा म्हणतात.

गैरसमज : घाटातली ‘खडी चढण’ म्हणजे खडी पसरलेली वाट.

वस्तुस्थिती : हातगडाच्या बाजूने सापुताऱ्याकडे जाताना लागणाऱ्या चढाचा दगडगोट्यांशी संबंध असेलही, पण या शब्दाचा नाही. हिंदीत ‘खडा’ म्हणजे उभा. खडी चढण ही उभी चढण आणि खडा पहारा हा उभ्याने दिलेला पहारा. उलट ‘खडे चारणे’, ‘खडा टाकून पाहणे’, ‘खड्यासारखे वगळणे’ यांतले खडे अस्सल दगडाचे.

गैरसमज : ‘साखर’ हा शब्द जन्मापासूनच गोड आहे.

वस्तुस्थिती : साखर आली संस्कृत ‘शर्करा’वरून आणि वैदिक भाषेत शर्करा म्हणजे बारीक खडे, रेव. उसाच्या रसापासून दाणेदार पदार्थ होऊ लागला, तेव्हा त्यालाही हेच नाव मिळाले. पुढे ते फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ झाले आणि युरोपात पोहोचून इंग्रजीत ‘शुगर’ बनले. मुळापर्यंत गेले, तर खडीसाखरेच्या नावात खडा दोनदा येतो!

गैरसमज : जेवणातले खडे पोटात साठून मुतखडा होतो.

वस्तुस्थिती : सुश्रुतसंहितेत या आजाराला ‘अश्मरी’ म्हटले आहे आणि तिच्या बारीक कणांना ‘शर्करा’. नावे दगडाची असली, तरी दगड बाहेरून येत नाही. लघवीतले क्षार दाट झाले की मूत्रपिंडात त्यांचे स्फटिक बनतात. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. कमी पाणी पिणे हे त्याचे एक मोठे कारण. भाताबरोबर गिळलेला बारीक खडा मूत्रपिंडाच्या वाटेला जातच नाही, तो शौचावाटे बाहेर पडतो. दाताखाली आला तर दाताचा टवका उडू शकतो, म्हणून तांदूळ निवडून घेणे मात्र सोडू नये.