लग्नाची डीव्हीडी मोबाइलवर आणताना

इंदूरच्या आमच्या मंडळात संगणकाचे थोडेफार कळणारा म्हणून माझ्याकडे एक प्रश्न वारंवार येतो : "लग्नाची डीव्हीडी आहे, पण नव्या लॅपटॉपला डीव्हीडीचा खणच नाही. मोबाइलवर कशी बघायची?" कोणाचे लग्न, कोणाची मुंज, कोणाचे गणेशोत्सवातले नाटक. मूळ चित्रण व्हीएचएस कॅसेटवर, पुढे दुकानातून तिची डीव्हीडी करून घेतलेली, आणि आता काही चकत्या वाचल्याच जात नाहीत. तेव्हा हे काम या सुट्टीत उरकून टाका, असे मी सगळ्यांना सांगतो.

बाहेरून जोडायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह आणून चकती आधी संगणकावर उतरवून घ्यावी. व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर मिळतो आणि त्यात साधारण एकेक जीबीच्या व्हीओबी फाइली असतात. चित्र एमपीईजी-२ पद्धतीचे, आवाज बहुधा एसी-३. बऱ्याच मोबाइलचे स्वतःचे प्लेअर याला दाद देत नाहीत.

फक्त आपल्यालाच बघायचे असेल, तर रूपांतराच्या भानगडीत पडूच नये. मोबाइलवर व्हीएलसी हे मोफत ॲप घ्या. ते या फाइली जशाच्या तशा चालवते. पण नातेवाइकांना पाठवायचे असेल, तर एमपी४ करणे बरे. चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी ही जोडी जुन्या-नव्या जवळपास सगळ्या फोनवर चालते. एच.२६५ ने फाइल आणखी लहान होते, पण घरातल्या ज्येष्ठांचे फोन जुने असतात, म्हणून मी तो मोह टाळतो.

आता सॉफ्टवेअर कोणते? ऑनलाइन रूपांतर करून देणाऱ्या संकेतस्थळांवर मी घरगुती चित्रण कधीच चढवत नाही. चार जीबी चढवायला लागणारा वेळ सोडा, पण घरच्या लेकी-सुनांचे चेहरे कोणत्या अनोळखी सर्व्हरवर जाऊन बसतील, याचा नेम नाही. 'फ्री ट्रायल'वाल्यांचीही एक तऱ्हा असते. माझ्या मामेभावाने असेच एक उतरवले, तर मुंजीभर बटूच्या कपाळावर कंपनीचे नाव!

मी हँडब्रेक वापरतो. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, शिक्का मारत नाही, आणि सगळे काम आपल्याच संगणकावर होते. फक्त ते त्यांच्या स्वतःच्या हँडब्रेक डॉट एफआर या ठिकाणाहूनच घ्या. २०१७ च्या मे महिन्यात त्यांच्या एका डाउनलोड सर्व्हरवर मॅकच्या आवृत्तीजागी कोणीतरी घातक फाइल ठेवली होती. चार दिवसांत ते उघडकीस आले. असे अधिकृत जागीही घडू शकते, मग भलत्या दुव्यांचे काय सांगावे!

माझ्या आत्याच्या लग्नाची डीव्हीडी मी यातूनच केली. त्यात आजोबा मंगलाष्टके म्हणतात. आजोबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, त्यामुळे आत्याला चित्रापेक्षा आवाजाची काळजी. एकेक व्हीओबी न देता पूर्ण फोल्डर उघडला, म्हणजे सलग एकच फाइल तयार होते. आवाजाच्या पानावर 'एएसी' निवडले. तिथे एसी-३ तसाच ठेवला, तर काही फोनवर चित्र दिसते आणि आवाज मुका होतो. कॅसेटवरून आलेल्या चित्रात हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात, त्यासाठी फिल्टर्समध्ये 'डीइंटरलेस' चालू आहे ना ते पाहिले. दर्जाचा आकडा म्हणजे आरएफ. तो कमी तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. डीव्हीडीच्या चित्राला १८ ते २२ पुरे. मी २२ ठेवला. आकार ७२० बाय ५७६ च्या वर नेऊ नये. कॅसेटमध्ये जे नाही, ते वाढवून कुठून येणार?

पूर्ण दोन तास रूपांतर करण्याआधी, हँडब्रेकमध्ये सेकंद देऊन फक्त एक मिनिटाचा तुकडा काढता येतो. मी वरातीचा घेतला, कारण नाचणारी माणसे आणि लुकलुकणारे दिवे यांतच चित्र आधी फाटते. दुसरा मंगलाष्टकांचा. दोन्ही तुकडे संगणकावर नाही, आत्याच्याच फोनवर तपासले. आजोबांचा आवाज नीट आल्यावरच पुढचे काम लावले.

सगळ्याच फाइलींना एवढा खटाटोप लागत नाही. एमकेव्ही फाइलीत कित्येकदा आत एच.२६४ च असते. लोणचे तेच, फक्त बरणी बदलायची. हँडब्रेक मात्र दर वेळी चित्र नव्याने घडवते, त्यात वेळही जातो आणि दर्जाही थोडा उतरतो. अशा वेळी ॲव्हिडेमक्समध्ये चित्र आणि आवाज दोन्ही 'कॉपी'वर ठेवून एमपी४ म्हणून साठवावे. काम काही क्षणांत होते.

आत्याची फाइल सव्वा जीबीची झाली. ती व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली. व्हिडिओ म्हणून पाठवले की व्हॉट्सॲप चित्र पुन्हा दाबते, डॉक्युमेंटला मात्र दोन जीबीपर्यंत मुभा आहे. व्हीओबीचा मूळ फोल्डर मी पुसलेला नाही. त्याची एक प्रत माझ्याकडे आहे आणि दुसरी आत्याच्या मुलाकडे बडोद्याला.