ऋतू आणि आहार – लेखांक ७ : लाल भोपळ्याचे सूप

लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबसानंतरच्या काळात तो भारतात आला आणि इथलाच होऊन गेला. सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीच्या परिसरासारख्या कोरडवाहू मुलखात पावसाळ्यात बांधाच्या कडेला चार बिया टोचल्या तरी त्याचा वेल पसरतो. फळे थंडीच्या तोंडावर पिकतात. भाजी, भरीत आणि घारगे हे त्याचे नेहमीचे प्रकार. सूप त्या मानाने नवे, पण त्यासाठी लागणारे सगळे घरातच असते.

भोपळ्याच्या पौष्टिकतेचे कौतुक अनेकदा अवाजवी होते. १०० ग्रॅम कच्च्या गरात ९० ग्रॅमहून अधिक पाणी आणि जेमतेम १ ग्रॅम प्रथिने असतात. त्याची खरी श्रीमंती बीटा-कॅरोटीनमध्ये. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते, पण ते नीट शोषले जाण्यासाठी जेवणात स्निग्ध पदार्थ लागतो. त्यामुळे वजनाच्या धास्तीने केलेले बिनतेलाचे सूप म्हणजे भोपळा वाया घालवणे. प्रथिनांची उणीव मूगडाळ आणि शेंगदाणे भरून काढतात.

फळ जून आणि जड घ्यावे. देठ वाळलेला असावा आणि सालीत नख रुतू नये. कापल्यावर गर गडद केशरी दिसला तर उत्तम. कच्चा तुकडा चाखून पाहावा. कडू लागला तर अख्खे फळ टाकून द्यावे, कारण हा कडवटपणा विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवूनही जात नाही.

चार जणांसाठी अर्धा किलो भोपळा साल काढून चिरावा. पाव वाटी मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजवावी. भोपळा, डाळ, एक कांदा, आल्याचा लहान तुकडा आणि चिमूटभर हळद दोन वाट्या पाण्यात घालून कुकरच्या तीन शिट्ट्या कराव्यात. मग रवीने घोटावे. मिक्सर वापरायचा असेल तर मिश्रण आधी निवू द्यावे. गरम मिश्रणाची वाफ भांड्याचे झाकण उडवते. रवीने घोटलेले सूप थोडे रवाळ राहते आणि चवीला तेच सरस.

कढईत दोन चमचे करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल तापवून जिरे, चार-पाच ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि कढीपत्ता यांची फोडणी करावी. त्यात घोटलेले मिश्रण, दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, मीठ आणि लागेल तसे गरम पाणी घालून पाच मिनिटे उकळावे. दाटपणा डाळ देतेच, त्यामुळे हॉटेलातल्यासारखे मक्याचे पीठ नको आणि सायही नको. मराठवाडी चव हवी असेल तर चमचाभर येसर मसाला पाण्यात कालवून उकळीत सोडावा. साखर घालू नये. भोपळ्याचा गोडवा पुरतो. लिंबू मात्र सूप उतरवल्यावरच पिळावे, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते.

सोबत ज्वारीची भाकरी असली की रात्रीचे जेवण पुरे होते. बिया धुऊन, वाळवून, तव्यावर भाजाव्यात. त्यांत प्रथिने, मॅग्नेशियम आणि जस्त भरपूर असते. अख्खा भोपळा कोरड्या, हवेशीर जागी महिनोन्‌महिने टिकतो. चिरलेला मात्र बिया काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि चार-पाच दिवसांत संपवावा.

(पुढील लेखांक : हुलग्याचे माडगे)