फरार कैदी आणि ओलीस पोर

मंडळी, अपहरण करणाऱ्याशी पोराची गट्टी जमेल का? आज आंजर्ल्यात आपण हे एका चित्रपटावरून समजून घेऊ. क्लिंट ईस्टवूडचा १९९३ सालचा 'अ परफेक्ट वर्ल्ड'. काळ १९६३ चा, मुलूख टेक्सास. तुरुंगातून पळालेला बुच आठ वर्षांच्या फिलिपला ओलीस धरतो.

फिलिपच्या घरी बाप नाही; धर्माच्या शिस्तीपायी सणावारांची मौजही नाही. कड्यावरच्या गणपतीच्या माघी उत्सवाला कधीच न गेलेलं आंजर्ल्याचं पोर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल. बुच त्याला विचारतो, तुला काय काय करायचंय? त्याची यादीच करायला लावतो. बुचलाही बापाने टाकलेलं. म्हणून दोघांचं जुळतं.

पण भुलायचं नाही. बंदूकवाल्याशी जुळवून घेणं म्हणजे पोराची संमती नव्हे. जीव वाचवायची धडपडही त्यात असते. बुच एका गरीब कुटुंबावर बंदूक रोखतो, तेव्हा गोळी झाडतो तो फिलिपच!

आता आपल्याकडचं बघा. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून स्वतंत्रपूर वसलं. कैद्यांची वसाहत, पण भोवती तुरुंगाची भिंत नाही. कैदी शेती करत, बायकामुलांसह राहत. त्यावरूनच माडगूळकरांनी 'दो आँखें बारह हाथ' लिहिला.

बुचची माया बंदुकीसोबत आली, म्हणून टिकली नाही. स्वतंत्रपुरात आधी विश्वास ठेवला गेला. वाट मोकळी असूनही माणूस थांबतो, ते घरची पोरं वाट बघतात म्हणून.