पुस्तकातले नाव, घरातले लेकरू



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आम्ही शाळा सातवीत सोडली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आमच्याकडून ठेवू नये. मात्र तीस वर्षे कामगारांत वावरल्यामुळे बारशाची निमंत्रणे आम्हांला फार येतात. पगाराचा करार, बोनस, बडतर्फी यांच्या जोडीने एक प्रश्न हटकून विचारला जातो : "भाऊ, तुम्ही पुस्तके वाचता, बाळाला एखादे चांगले नाव सुचवा." पुस्तकातले नाव मुलाला ठेवावे काय, आणि ठेवायचे तर काय पाहून ठेवावे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम हे ध्यानात घ्या की, पुस्तकातले नाव ही गरिबाच्या घरी सहज आलेली वस्तू नव्हे. आमच्या आज्यापणज्यांची नावे पाहा : धोंडू, दगडू, केरू, कचरू. मुले जगत नसत. तेव्हा दगडाकडे नि केराकडे मृत्यूची नजर जाणार नाही, या आशेने आईबाप अशी नावे ठेवीत. त्या नावांत माया होती, हे आम्ही विसरत नाही. पण दुसरेही एक कारण होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक आणि शूद्राचे निंदादर्शक असावे, असे सांगून ठेवले आहे. म्हणजे मजुरी ठरण्याआधी माणसाची पायरी पाळण्यातच ठरून जाई! त्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दहन झाले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले आणि सिद्धार्थ, राहुल, यशोधरा, सुजाता ही बौद्ध वाङ्मयातली नावे वस्त्यावस्त्यांच्या पाळण्यांत आली. उपासाने खंगलेल्या गौतमाला खीर देणारी ती सुजाता. अशा घरातल्या आईने मुलीला हे नाव ठेवले, तर त्याला हौस म्हणून कोणी मोडीत काढू नये. तो हक्क आहे, आणि मोजलेल्या किमतीचा आहे.

हक्क म्हटला की जबाबदारी आली. पुस्तकातले नाव एकटे येत नाही. गोष्ट बरोबर घेऊन येते. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातल्या तळीरामाचे नाव दारुड्याला असे चिकटले की, ते आता विशेषनाम राहिलेच नाही. कोणताही बाप ते मुलाला ठेवणार नाही. पण गंमत पाहा. त्याच नाटकात दारूपायी संसाराची राख करतो तो सुधाकर. आणि महाराष्ट्रात सुधाकर नावाच्या माणसांना तोटा नाही. असे का व्हावे? सुधाकर म्हणजे चंद्र. त्या शब्दाला नाटकाबाहेर स्वतःचा अर्थ आहे, स्वतःचे घर आहे. तळीरामाला नाटकाबाहेर घरच उरले नाही. यावरून आम्ही एक ठोकताळा बांधला आहे : ज्या नावाला गोष्टीबाहेर पाय टेकायला जागा आहे ते गोष्टीचे ओझे पेलते, ज्याला ती नाही ते ओझ्याखाली दबते.

शारदेचे उदाहरण तसेच आहे. देवलांची 'शारदा' १८९९ ची. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीचे ते नाटक. तरीही मुलींना शारदा म्हणतच राहिले, कारण शारदा ही विद्येची देवता. १९२९ च्या बालविवाहविरोधी कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात, तेव्हा तो या नाटकावरून म्हणतात असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. विधेयक मांडणारे हरविलास सारडा यांच्या आडनावावरून ते नाव पडले. पण हा गैरसमज होऊ शकतो, यातच नाटकाचे नाव लोकांच्या मनात किती खोल गेले ते दिसते.

नावाप्रमाणे माणूस होतो, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या युनियनमध्ये बिभीषण नावाचे एक सभासद होते. प्रत्येक संपात त्यांची थट्टा व्हायची, "हा आधी फुटणार!" ते एकदाही फुटले नाहीत. ज्यांची नावे रामाची आणि लक्ष्मणाची होती, त्यांतले काही मात्र मागच्या दाराने कामावर गेले.

आता जी हकिकत सांगण्यासाठी आम्ही उभे आहो, ती सांगतो. एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करणारा आमचा एक तरुण सभासद होता. उत्पादन अडू नये म्हणून गार्ड काढून ठेवलेले. रात्रपाळीला प्रेस खाली आला आणि त्याचा उजवा अंगठा गेला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्याची किंमत लिहिलेली होती : कमाईच्या शक्तीत शेकडा ३० ची घट. त्या आकड्यासाठी आम्ही किती हेलपाटे घातले, ते सांगत बसत नाही. पुढे वर्षभरात त्याला मुलगा झाला आणि तो म्हणाला, "नाव एकलव्य ठेवणार."

घरात वादळ उठले. आजीबाई आम्हांला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही कारखान्यातली भांडणे मिटवता, हेही मिटवा. बापाचा अंगठा गेला तेवढा पुरे नाही का? लेकराच्या नावातही तेच?" मुलाची आई एवढेच म्हणाली, "उद्या याच्याकडे कुणी मागितला, तर हाही देईल का?"

आम्ही निरुत्तर झालो. घरी येऊन महाभारताचे आदिपर्व काढले. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत गुरुभक्तीच तेवढी होती. मूळ कथेत अधिक आहे. एकलव्य निषादराजाचा मुलगा. निषाद म्हणूनच द्रोणाने त्याला शिकवायचे नाकारले. त्याने मातीची मूर्ती करून स्वतःच विद्या मिळवली. अर्जुनाला मागे टाकणारा कोणी निघाला, म्हणून ती गुरुदक्षिणा मागितली गेली. अंगठा दिल्यावर तो उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही. पुढे निषादांचा राजा म्हणून तो महाभारतात पुन्हा भेटतो. म्हणजे अंगठ्यापाशी त्याची गोष्ट संपत नाही. आपण सांगणारे ती तिथे संपवतो. आपल्या देशाने १९८५ साली प्रशिक्षकांसाठीचा पुरस्कार द्रोणाचार्यांच्या नावाने सुरू केला, आणि १९९७-९८ पासून आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांना एकलव्याचे नाव दिले. दोन्ही नावे मानाचीच. पण त्या दोघांमधला हिशेब अजून मिटायचा आहे.

हे सारे आम्ही त्या घरी जाऊन सांगितले. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ठेवा नाव. पण गोष्ट मी सांगणार." आत्याने पाळण्याशी वाकून कानात कुर्रर्र केले. आजीबाईंनी काजळाची तीट जरा मोठीच लावली.

तो मुलगा आता शाळेत जातो. गुरुपौर्णिमेला वर्गात त्याला उभे करून सांगितले गेले, "बघा, याच्या नावाच्या मुलाने गुरूला अंगठा दिला." त्यावर तो म्हणाला, "माझ्या बाबांनी दिला नव्हता, घेतला होता." त्या दिवशी तक्रारीची चिठ्ठी घरी आली. आईने ती जपून ठेवली आहे.

तेव्हा मंडळी, आमचे सांगणे थोडक्यात असे. नाव आवडले तर गोष्ट शेवटपर्यंत वाचा. सिनेमा पाहून किंवा नुसत्या गोड उच्चारावर जाऊ नका. ती गोष्ट मुलाला कोण आणि कशी सांगणार, ते आधी ठरवा. आईला विचारा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे वडिलांच्या आधी आईचे नाव लिहायचे आहे, तेव्हा तिचा अधिकार आता कागदावरही आला. घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते. पण त्या नोंदीत नाव घालायला १२ महिने विनाशुल्क मिळतात, आणि विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत ते घालता येते. तरी फार लांबवू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेच्या प्रवेशापासून पुढे हाच दाखला लागणार आहे. एक पुस्तक नीट वाचायला वर्ष पुरते.

आणि शेजारणीने मुलाचे नाव विचारून भुवया उंचावल्या, तर रागावू नका. तिला बसवा, चहा द्या आणि गोष्ट सांगा. नाव ठेवणे आपल्या हाती आहे. नावे ठेवणारांना उत्तर देण्याइतकी गोष्ट मात्र आपल्याला ठाऊक असली पाहिजे.